सालवृक्षाचे राखणदार आणि त्यांचा हक्क

तथागतांचे महापरिनिर्वाण कुशिनारा येथे दोन सालवृक्षांच्या मध्ये झाले, ही गोष्ट बौद्ध घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु हा सालवृक्ष प्रत्यक्ष पाहिलेले आपल्यात किती निघतील? महाराष्ट्राच्या रानात राज्य सागाचे. साल हा पूर्वेकडचा. हिमालयाच्या पायथ्याची तराई, छोटा नागपूरचे पठार, ओरिसाचे डोंगर आणि बंगालच्या पश्चिम अंगाची तांबडी माती हे त्याचे माहेर. या तांबड्या मातीत एके काळी सर्वत्र असलेला हा वृक्ष माणसाच्या हावेने खुंटापुरता उरला, आणि पुढे त्याच मातीत राहणाऱ्या गोरगरिबांनी राखण करून तो पुन्हा उभा केला. ही हकीकत वाचकांपुढे ठेवावी, व तिच्यातून आपल्या कामाचा जो प्रश्न निघतो त्याचा विचार करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

वाचक विचारतील की, धर्मांतर आणि हक्क यांना वाहिलेल्या पाक्षिकात झाडाझुडपांची चर्चा कशासाठी? त्याचे उत्तर सोपे आहे. झाड उभे राहिले की लगेच दोन प्रश्न उभे राहतात. ते कोणाच्या श्रमाने वाढले, आणि ते कोणाच्या मालकीचे झाले? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेस राखली, आणि वेशीच्या आत मात्र ज्याला घर मिळाले नाही, त्या समाजाला हे दोन प्रश्न नवे नाहीत.

खुंट कसे उरले

मेदिनीपूर, बांकुडा, पुरुलिया हा पश्चिम बंगालचा भाग जंगलमहाल म्हणून ओळखला जातो. येथील संताळांच्या जीवनात सालाला मोठे स्थान आहे. त्यांच्या देवराईत साल असतो. १८५५ च्या हूल नावाच्या उठावात गावोगाव निरोप गेला तो सालाची डहाळी फिरवून. १७९३ च्या कायमधाऱ्याच्या पद्धतीने हे जंगल जमीनदारांच्या हाती गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वे या मुलखातून धावू लागली, तेव्हा रुळांखालच्या स्लीपरांसाठी साल हे सोने ठरले. ठेकेदार आले, कुऱ्हाडी आल्या आणि रान विकले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी जाणार याची कुणकुण लागताच अनेक जमीनदारांनी हाती आहे तोवर उरलेसुरले जंगल तोडून पैसा केला. १९५३ च्या कायद्याने जमीनदारी गेली व जंगल सरकारचे झाले. परंतु सरकारच्या ताब्यात जे आले त्याचा मोठा भाग म्हणजे खुरटी झुडपे आणि तोडलेल्या बुंध्यांचे खुंट.

आता या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाची स्थिती पाहा. जमीन नाही, आणि असली तर वर्षाकाठी एका पिकाची, तेही पाऊस पडला तर. उरलेले महिने काढावयाचे कसे? बायकांनी रानात जाऊन मोळी बांधावी, ती डोक्यावर घेऊन कित्येक मैल चालत बाजार गाठावा आणि तिच्या मोलात घरचे तांदूळ न्यावेत. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होती. ज्या जमीनदाराने पेढीच्या वह्या भरभरून रान विकले तो मालक ठरला, आणि जिने एक मोळी विकली ती चोर ठरली. याच मेदिनीपुरातील लोधा ही रानावर जगणारी जमात तर इंग्रजी कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविली होती. हा डाग कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला. लोकांच्या मनातून तो किती पुसला गेला, हे आपल्याकडील पारधी बांधवांना विचारावे.

आराबारीचा प्रयोग

मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारी नावाचे एक वनपरिक्षेत्र आहे. जिल्ह्याचे विभाजन २००२ साली झाल्यापासून ते पश्चिम मेदिनीपुरात मोडते. तेथे १९७०-७२ च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी नावाचे वनाधिकारी वृक्षसंवर्धनाचे प्रयोग करीत होते. प्रयोगासाठी राखलेल्या जागेत गुरे शिरत, कोवळे फुटवे तोडले जात आणि सर्व श्रम वाया जात. अशा वेळी पहारा वाढवावा, खटले भरावेत, दंड करावा, हा सरकारी खात्याचा नेहमीचा मार्ग. बॅनर्जींनी तो सोडून निराळा प्रश्न विचारला. ही माणसे लाकूड तोडतात ती किती उत्पन्नासाठी? ते उत्पन्न त्यांना दुसऱ्या मार्गाने दिले तर ती तोडतील काय?

चौकशीअंती ११ गावांतील ६१८ कुटुंबांशी बोलणे झाले आणि १,२७२ हेक्टर उजाड जंगल त्यांच्या राखणीत आले. म्हणजे कुटुंबामागे सरासरी सुमारे दोन हेक्टर. ठरले ते असे. गावकऱ्यांनी तोड व चराई थांबवावी व रानाची राखण करावी. वनखात्याने लागवडीची व रानातील इतर कामे त्यांनाच मजुरीने द्यावीत. वाळके सरपण, चारा, पाने इत्यादी त्यांना नेऊ द्यावे. आणि पुढे तयार झालेले लाकूड विकले जाईल तेव्हा त्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना द्यावा.

येथे सालवृक्षाचा एक गुण सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून हे यश समजणार नाही. सालाचे बी पावसाच्या तोंडावर गळते आणि आठवडाभरातच त्याची रुजण्याची शक्ती जाते. म्हणून बी साठवून, रोपे करून सालाचे रान लावणे हे कठीण काम. परंतु तोडलेल्या सालाचे मूळ सहजासहजी मरत नाही. खुंटातून जोमाने धुमारे फुटतात. ते गुरांनी खाल्ले वा कुऱ्हाडीने छाटले तर झुडूप खुरटते. ते राखले तर काही वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातात आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांचे वासे होतात. म्हणजे आराबारीच्या लोकांनी सालाचे रान बाहेरून आणले नाही. ते तेथेच होते, मातीखाली जिवंत होते. त्याला वाढू देणे एवढेच काम होते, आणि ते काम पोलिसाच्या दंडुक्याने न होता शेजाऱ्याच्या राखणीने झाले.

आपल्या वाचकांना येथे दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. या देशात बौद्ध धम्म नामशेष झाला असे विद्वान लिहीत होते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे पूर्वज हे बौद्ध होते असा सिद्धान्त मांडला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी माणसांनी त्या मुळाला फुटलेली पालवी पाहिली. वर जे तोडले गेले ते मुळासकट गेलेच असे समजू नये, ही शिकवण दोन्हीकडे सारखीच आहे.

वाटा आणि बलुते

आराबारीचे यश पाहून आसपासच्या गावांनी राखण हाती घेतली. पश्चिम बंगाल सरकारने १२ जुलै १९८९ रोजी ठराव काढून नैर्ऋत्य बंगालसाठी वनसंरक्षण समित्यांची पद्धत मान्य केली. १ जून १९९० रोजी केंद्र सरकारने सर्व राज्यांना अशाच सहभागाचा सल्ला देणारे परिपत्रक धाडले. पुढे देशभर ज्याला संयुक्त वनव्यवस्थापन म्हणू लागले, त्याचे बीज आराबारीचे. येथवरची कथा कौतुकाची आहे आणि ते कौतुक मोकळ्या मनाने केले पाहिजे. परंतु कौतुक करून थांबणे हे आपल्या पाक्षिकाचे काम नव्हे.

आराबारीच्या लोकांना चौथ्या हिश्श्याचे वचन मिळाले ते तोंडी होते. सरकारची रीतसर मान्यता त्याला मिळावयास दशकाहून अधिक काळ लागला. इतकी वर्षे ६१८ कुटुंबे एका अधिकाऱ्याच्या शब्दावर रान राखीत बसली! तो अधिकारी सचोटीचा होता, हे त्यांचे सुदैव. त्याच्या जागी दुसरा आला असता आणि ‘कोणी दिले होते वचन? दाखवा कागद’ असे म्हणाला असता, तर कोणत्या न्यायालयात त्यांनी दाद मागितली असती?

बरे, ठराव झाल्यावर तरी काय झाले? १९८९ च्या ठरावाप्रमाणे समितीने किमान पाच वर्षे राखण केली तरच ती वाट्याला पात्र. वाटा निव्वळ उत्पन्नाचा, म्हणजे खर्चवजा जाता उरेल त्याचा, आणि खर्चाचा हिशेब ठेवणार वनखाते. समितीचा चिटणीस वनखात्याचा माणूस. आणि समिती कर्तव्यास चुकली असे वाटल्यास ती बरखास्त करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याला. कायद्याचे प्राथमिक शिक्षण घेतलेल्या माणसालाही यातील मर्म कळेल. ज्या करारात एका पक्षाने आधी सर्व श्रम करावयाचे, हिशेब दुसऱ्याने ठेवावयाचा, मोबदला शेवटी मिळावयाचा आणि करार मोडण्याची मुखत्यारीही दुसऱ्याच्याच हाती, त्याला भागीदारी म्हणता येत नाही.

त्याला आपल्या भाषेत एक जुने नाव आहे. गावाची वेस राखणे, येसकरपाळी करणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, खजिना पोचविणे, लाकडे फोडणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे महाराने करावयाची, आणि त्याबद्दल त्याने वतनाची तुकडाभर जमीन, खळ्यावरचे बलुते व दारोदार मागितलेली भाकर घ्यावयाची. बलुते द्यावयाचे की नाही, किती द्यावयाचे, हे कुणब्याच्या मर्जीवर. काम मात्र मर्जीवर नव्हते. वतनाला ‘हक्क’ म्हणत. परंतु जो हक्क मागताना हात पसरावा लागतो तो हक्क नव्हे, हे बाबासाहेबांनी ओळखले. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या वेठीतून माणसाला सोडविण्यासाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली.

रान राखणाऱ्या संताळाची व भूमिहीनाची स्थिती अगदी तीच आहे असे मी म्हणत नाही. त्याला मजुरी मिळाली, पाला-सरपण मिळाले, वाट्याचे पैसेही मिळाले, आणि त्याच्या श्रमाला विटाळाचा कलंक नव्हता. परंतु मूळ दोष एकच आहे. राखण ही सक्तीची जबाबदारी आणि वाटा ही देणाऱ्याची कृपा, असा व्यवहार जेथे असेल तेथे नव्या नावाने जुने बलुतेच चालू असते.

‘गाव’ म्हणजे कोण?

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘गावाने जंगल वाढविले, गावाला वाटा मिळाला’ असे आपण सहज म्हणतो. पण गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या भाबड्या स्तुतीचा जो समाचार घेतला तो प्रसिद्ध आहे. खेडे हे घटनेचे मूळ धरू नये, व्यक्तीला मूळ धरावे, असे त्यांचे म्हणणे. त्या वेळी अनेकांना ते कडू वाटले. झाडाच्या बाबतीत त्याची प्रचीती कशी येते ती पाहा.

गावाने ठरविले की आजपासून रान बंद. हे ठरविणारे कोण? ज्यांच्या घरी शेणाच्या गोवऱ्या आहेत, शेताच्या बांधावर बाभळी आहेत, गोठ्यात कडबा आहे ते. रान बंद झाल्याने त्यांची चूल विझत नाही. ज्या बाईची चूल कालच्या मोळीवर चालत होती तिची मात्र विझते. दहा-पंधरा वर्षांनी लाकूड विकून वाटा येईल हे तिला सांगून काय उपयोग? तिला उद्याचा भात हवा. याची जाण आराबारीत ठेवली गेली, लोकांना मजुरीचे काम आधी दिले गेले, म्हणून तेथे रान वाढले. सालाची पाने टाचून केलेल्या पत्रावळी व द्रोण, सालाचे बी, पहिल्या पावसात सालाखाली उगवणारी अळंबी, खोडातून गळणारी राळ, यांवर ज्या घरांचे पोट चालते त्यांच्यासाठी उभे झाड हेच उत्पन्न असते. वाशांच्या विक्रीचा हिशेब खात्याच्या वहीत येतो, पत्रावळीचा येत नाही. म्हणून रान कशासाठी वाढवावयाचे हे ठरविताना पत्रावळ टाचणारीचे मत पहिले घेतले पाहिजे.

सुरुवातीला समितीवर कुटुंबामागे एक सभासद असे, आणि तो अर्थातच पुरुष. पुढे पश्चिम बंगालने नवराबायको दोघांनाही सभासद मानण्याचा नियम केला, हे योग्यच झाले. परंतु सभासद होणे आणि सभेत बोलता येणे यांत किती अंतर असते, हे ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर निवडून येऊन खाली सतरंजीवर बसविल्या गेलेल्या आपल्या भगिनींना विचारावे.

कायदा काय देतो

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या कलम ३(१)(झ) ने, म्हणजे इंग्रजी पाठातील पोटकलम (आय) ने, जे सामूहिक वनक्षेत्र लोक परंपरेने राखीत आले आहेत त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यांना दिला. वाचकांनी ‘हक्क’ हा शब्द लक्षात घ्यावा. १९८९ चा ठराव सरकारने काढला आणि सरकार तो बदलू शकते. कायद्याने मान्य केलेला हक्क एखादा वनाधिकारी बरखास्त करू शकत नाही. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, आणि ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष. त्यात बौद्धवाडाही आला.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळविला. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखाते हातचे सोडीना. ते २७ एप्रिल २०११ रोजी ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे कागदावरचा हक्क बाजारापर्यंत पोचला. हक्काची सनद मिळाली म्हणून काम संपत नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

या कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, तो गौण वनोपजाची मालकी देतो. त्यात बांबू, तेंदूपाने, मध, लाख, कंदमुळे, फार काय खुंटदेखील येतात, परंतु इमारती लाकूड येत नाही. म्हणजे सालाची पाने व बी यांवर मालकी, आणि ज्या खोडाची वर्षानुवर्षे राखण केली त्यात मात्र फार तर ठरावाने दिलेला वाटा. ही तफावत दूर झाली पाहिजे.

दुसरी मर्यादा थेट आपल्या लोकांना जाचणारी आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा व अवलंबन दाखविले की पुरते. इतर पारंपरिक वननिवासी, ज्यांत रानाकाठचे अनुसूचित जातींचे व नवबौद्ध लोक येतात, त्यांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याला १९३० साली पाटील-कुलकर्णी कागदाला हात लावू देत नव्हते, त्याच्याकडे १९३० चा कागद मागावयाचा! गावच्या वनहक्क समितीत अनुसूचित जमातींना व स्त्रियांना ठरावीक जागा आहेत, ते न्याय्यच आहे. अनुसूचित जातींसाठी मात्र वेगळी तरतूद नाही. आदिवासी आणि बौद्ध यांनी या मुद्द्यावर एकमेकांशी भांडू नये. ज्याने दोघांचेही रान नेले तो तिसराच आहे. परंतु ही उणीव कायदेमंडळापुढे स्पष्ट शब्दांत मांडणे हे आपल्या प्रतिनिधींचे कर्तव्य आहे.

निराश होण्याचेही कारण नाही. कागद नसेल तर गावातील दावेदार नसलेल्या वृद्ध माणसाचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, घरांच्या खुणा आणि स्मशानभूमी हे पुरावे नियमांनी मान्य केले आहेत. ज्या स्मशानभूमीसाठी आपल्या लोकांना गावाशी भांडावे लागले, तीच आज त्यांच्या तीन पिढ्यांची साक्ष देऊ शकते.

झाडाच्या नावाने अन्याय नको

येथे मराठवाड्यातील गायरानांचा विचार ओघानेच येतो. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९६४-६५ साली तो देशव्यापी झाला आणि लक्षावधी माणसे तुरुंगात गेली. पडीत सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी, ही त्याची मागणी. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. तरीही कित्येकांच्या नावाने आजवर सातबारा झाला नाही. अशा जमिनीवर वृक्षारोपणाचा फलक लावणे किती सोपे आहे! झाडाला विरोध करणारा माणूस समाजाचा शत्रू ठरतो, आणि ज्याची ज्वारी उपटून रोपे लावली त्याची तक्रार कोणाच्या कानी जात नाही. वस्तुतः २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश देतानाच, शासनाच्या धोरणाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिली असेल तेथे अपवाद करता येईल असे म्हटले आहे. निकालाचा पहिला भाग तहसीलदाराच्या तोंडपाठ असतो. दुसरा भाग आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडपाठ असला पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे की, देशी वृक्ष परत आणण्याच्या प्रत्येक कामात तीन अटी आधी मान्य झाल्या पाहिजेत. ज्याच्या ताब्यातील वा कसणुकीतील जमीन त्या कामात जाते त्याच्या लेखी संमतीवाचून ते सुरू होऊ नये. राखणीच्या श्रमाला मजुरी मिळावी, ती वाट्यातून वजा होऊ नये. आणि झाडाच्या उत्पन्नावरील हक्क राखणाऱ्याच्या नावाने कायद्याने नोंदला जावा, ठरावाने किंवा तोंडी शब्दाने नव्हे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हक्क दिला की लोक झाडे तोडून खातील, म्हणून अधिकार खात्याकडेच असावा. या आक्षेपाला आराबारीनेच उत्तर दिले आहे. खात्याच्या पूर्ण अमलाखाली तेथे खुंट उरले होते, आणि खात्याने ज्यांना चोर म्हटले त्यांच्या हाती राखण गेल्यावर रान उभे राहिले. ज्याला उद्याची शाश्वती नाही तो आजच तोडतो. मग तो जमीनदारी जाण्याच्या भीतीने तोडणारा जमीनदार असो की उपासमारीच्या भीतीने तोडणारी मोळीविकी असो. शाश्वती देणे हाच झाड राखण्याचा खरा उपाय, आणि शाश्वतीलाच कायद्याच्या भाषेत हक्क म्हणतात.

धम्माची दृष्टी

झाड राखणे हे आपल्या धम्माला परके नाही. वनस्पतीची नासधूस करणे हा भिक्खूच्या विनयात दोष मानला आहे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड व आंबराया लावल्याचे नमूद केले, आणि पाचव्या लेखात जंगले विनाकारण जाळू नयेत अशी आज्ञा कोरली. या आज्ञांत झाडाची पूजा नाही, झाडाखाली बसणाऱ्या प्राणिमात्राची काळजी आहे. आपणही सालाला वा बोधिवृक्षाला सूत गुंडाळून, कुंकू लावून देव करू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ते शोभणार नाही. संताळ बांधव सालाच्या राईत आपल्या रीतीने जमतात, त्यांच्या श्रद्धेचा मान राखावा. आपण मात्र झाडाकडे करुणेने व बुद्धीने पाहावे. करुणा ही की त्याच्या सावलीला कोणीही बसावे, आणि बुद्धी ही की ती सावली कोणाच्या घामाने पडली हे विसरू नये.

शेवटी वाचकांना काही कामे सुचवितो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांत रानाकाठी राहणाऱ्या बौद्ध बांधवांनी आपल्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे काय, याची चौकशी करावी. केला नसेल तर त्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने लावून दिलेला वेगळा अर्जनमुना मिळवावा आणि आदिवासी शेजाऱ्यांसह बसून तो भरावा. केला असेल तर नकाशात आपल्या वाडीची वहिवाट, सरपणाची वाट आणि स्मशानभूमी दाखविली आहे की नाही ते पाहावे. गावात जे ऐंशीच्या पुढचे वृद्ध असतील त्यांचे जबाब याच पावसाळ्यापूर्वी लिहून घ्यावेत, कारण हा पुरावा दरवर्षी कमी होत आहे. ग्रामसभेच्या दिवशी मजुरी बुडाली तरी स्त्रियांनी हजर राहावे व इतिवृत्तात आपली नावे लिहिली गेल्याची खात्री करून घ्यावी. गायरान कसणाऱ्यांनी १९९० पूर्वीच्या पीकपाहणीचे उतारे, दंडाच्या पावत्या व नोटिसा जपून ठेवाव्यात. दंडाची पावती ही ताब्याचीही पावती असते. आणि ज्या गावांत वृक्षारोपणाचा ठराव येईल तेथे आपल्या माणसांनी त्याला आंधळा विरोध करू नये व आंधळी संमतीही देऊ नये. वर सांगितलेल्या तीन अटी सभेत वाचून दाखवाव्यात, त्या ठरावात लिहून घ्याव्यात आणि मगच खड्डा खणण्यास पुढे व्हावे.